थाटीपुरहून नारायणगावला

ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या मुलांना महाराष्ट्र विचारला, तर तो पुणे, मुंबई, शिर्डी आणि मामाचं गाव एवढ्यावर संपतो. माझ्या महाराष्ट्रात एक गाव जास्तीचं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं मी तिथे शातो इंडाज या वाईन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं. ती कंपनी आता राहिली नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तिचं नावही ऐकलं नसेल. नाशिकला जाऊन द्राक्षबागेत फोटो काढून आलेल्या मंडळींना तर ते मुद्दाम सांगायला हवं, म्हणून हा लेख.

आधीच सांगून टाकतो, हा लेख पिण्याच्या कौतुकाचा नाही. आमच्या घरात आजही कोणी घेत नाही. मी रोज चाखायचो, पण चाखून थुंकायचो. नोकरीच तशी होती.

तुम्हाला माहीत असलेलं थाटीपुर म्हणजे मयूर मार्केट, चौराहा आणि संध्याकाळचा ट्रॅफिक. माझं थाटीपुर सरकारी क्वार्टर्सचं होतं. पिवळ्या चुन्याच्या भिंती, दारात कडुनिंब, मागे छोटं अंगण आणि उन्हाळ्यात रात्री अंगणात ओळीने टाकलेल्या खाटा. मराठी माणसं खरी लष्करात. दौलतगंज, जिवाजीगंज, नई सडक, शिंद्यांची छावणी हा त्यांचा मुलूख. थाटीपुरात आम्ही मोजकी घरं. गणपतीच्या कार्यक्रमाला जायचं तर टेंपोने बाड्यावर आणि तिथून पायी. लष्करातले नातेवाईक आम्हाला 'मुरारकडचे' म्हणायचे, म्हणजे जवळपास परगावचेच.

बाबा मोतीमहालात, आबकारी आयुक्तांच्या कार्यालयात बाबू होते. साऱ्या मध्य प्रदेशच्या दारूचा हिशेब आपल्या ग्वाल्हेरात होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. देशी मदिरा, विदेशी मदिरा, भांग, ठेके, लिलाव, परवाने या सगळ्याच्या फायलींवर बाबांनी तीस वर्षं शेरे लिहिले आणि आयुष्यात एक थेंब चाखला नाही. घरी त्या विषयाचा उच्चारही नसायचा. शेजारच्यांना ते 'रेव्हेन्यूमध्ये आहे' असं सांगायचे. ते काही खोटं नव्हतं.

अशा घरातल्या मुलाला वाईन प्रथम दिसली ती जयविलास पॅलेसमध्ये, शाळेच्या सहलीत. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेली चांदीची आगगाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. तिच्या डब्यांवर काचेच्या सुरया ठेवलेल्या असतात. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबायची, ठेवली की पुढे निघायची. आम्हा मुलांना गाडीचं नवल. सुरईत काय असायचं हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

जिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि दोन वर्षं इकडेतिकडे शिकवण्या केल्या. त्या काळात ग्वाल्हेरात नोकरी मिळणं कठीणच होतं. बिर्लानगरातली जे. सी. मिल बंद पडलेली, तिथून सुटलेले अनुभवी कामगार रांगेत आमच्या पुढे असायचे. पुण्याच्या आत्याने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून पाठवली: प्रयोगशाळा साहाय्यक पाहिजे, नारायणगाव. कशाची प्रयोगशाळा, ते आत्याने पत्रात लिहिलं नव्हतं. तेवढी ती धोरणी होती.

मुलाखत झाली, पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. रात्री जेवताना आईला म्हणाले, "फळप्रक्रिया उद्योग आहे. द्राक्षांवर प्रक्रिया करतात." आईने विचारलं, "म्हणजे मनुके?" बाबा म्हणाले, "त्याच्या जवळपास." पुढे चार वर्षं थाटीपुरात माझी नोकरी याच नावाने ओळखली गेली.

झेलम एक्स्प्रेसने ग्वाल्हेर सोडलं की झाशी, भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड, अहमदनगर, दौंड असं करत पुणं यायचं. तिथून एस.टी. चाकण, राजगुरुनगर, खेडचा घाट, मंचर आणि पुण्यापासून साधारण ७५ किलोमीटरवर नारायणगाव. मी उतरलो तो जानेवारीचा पहिला आठवडा होता. पहाटेची थंडी आपल्याकडच्यासारखी हाडात शिरणारी नव्हती, पण होती. स्टँडवर चहावाल्याला म्हटलं, "एक चहा देऊन द्या." तो हसला. घरमालकिणीला म्हटलं, "भूक लागून राहिली आहे," तीही हसली. महिनाभरात सगळ्या कारखान्यात माझं नाव 'ग्वाल्हेरी' पडलं. आपण तिथे मराठी म्हणून जातो आणि तिथे गेल्यावर कळतं, आपल्या मराठीत किती हिंदी मुरलेलं आहे ते.

नारायणगाव हे एक अजब गाव आहे. मीना नदीच्या काठी, शिवनेरीपासून फार लांब नाही. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. होळी-पाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी आपल्या जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. २००२ मध्ये त्या गेल्या. शेजारच्या आर्वीला देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र, १९७१ पासूनचं. दुसऱ्या बाजूला खोडदला माझ्या डोळ्यांदेखत महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एका संध्याकाळी एका बाजूने ढोलकी ऐकू यायची आणि दुसऱ्या बाजूला क्षितिजावर त्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसायच्या. मध्ये टोमॅटोचे ट्रक आणि आमची वाईन. एवढ्या गोष्टी एका तालुक्यात कशा जमल्या याचं उत्तर मला कोणी दिलं नाही, आणि नारायणगावकरांना त्यात काही विशेष वाटतही नव्हतं.

आता कंपनीबद्दल. श्यामराव चौगुले या मराठी उद्योजकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा उद्योग मांडला, तेव्हा भारतात चांगली वाईन होऊ शकते यावर कोणाचा विश्वास नव्हता. त्यांनी थेट फ्रान्समधल्या शँपेन भागातल्या पायपर-हाइडसिक या जुन्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य मिळवलं. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर शार्दोने, पिनो न्वार, उनी ब्लां अशा फ्रेंच जातींची लागवड केली. आणि पहिलं नाव कमावलं ते साध्या वाईनने नाही, तर फसफसणाऱ्या वाईनने, जी करायला सगळ्यात अवघड. शँपेन हे नाव फक्त त्या भागातल्या वाईनला लावता येतं. म्हणून परदेशी जाणाऱ्या बाटलीवर 'ओमर खय्याम' आणि देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'मार्कीझ द पाँपादूर' अशी नावं असायची. दुसरं नाव नारायणगावात कोणालाच नीट उच्चारता येत नव्हतं. लोडिंगवाली मुलं तिला सरळ 'पांपाबाई' म्हणायची.

द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, दसरा-दिवाळीच्या आसपास गोडी छाटणी. जानेवारी ते मार्च तोडणी. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार मणी मोठा व्हावा म्हणून घड औषधात बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. वाईनला नेमकं उलटं हवं: मणी लहान, साल जाड, आत बिया. पहिल्यांदा हे सांगितलं की शेतकरी आमच्याकडे संशयाने बघायचे. एका म्हाताऱ्या बागायतदाराने मला विचारलं होतं, "म्हणजे बाजारात जे कोणी घेणार नाही ते तुम्हाला पाहिजे, असंच ना?" मी म्हटलं, "जवळपास तसंच." मात्र दर आधी ठरलेला असे आणि अवकाळी पाऊस येऊन मण्याला तडे गेले तरच त्याची झोप उडे. हळूहळू त्यांच्या बांधांवर आमच्या जाती दिसायला लागल्या.

तोडणी पहाटे. ऊन चढायच्या आत क्रेट आत आले पाहिजेत, कारण तापलेलं द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं. बायका डोक्याला रुमाल बांधून, हातात कात्री घेऊन ओळीने वाकलेल्या असत. २००१ नंतर उसातल्या बिबट्यांचा त्रास जुन्नर तालुक्यात फार वाढला, तेव्हा त्या मोठमोठ्याने गाणी म्हणत बागेत शिरायच्या. मी तिथे एक छोटं दुर्बिणीसारखं यंत्र घेऊन हिंडायचो. मणी चिरडून एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि साखर किती ते वाचायचं. साध्या वाईनला २२-२३ अंश हवेत. फसफसतीला १८-१९ वरच तोडायचं, आंबटपणा शिल्लक असताना. एक दिवस उशीर झाला तरी चव हातची जाते. या एका निर्णयासाठी सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले असायचे, आणि मी तेव्हा २४ वर्षांचा होतो. थाटीपुरात कोणी मला भाजीसुद्धा निवडू दिली नव्हती.

रस काढला की मोठ्या पोलादी टाक्यांत, थंडीत, सावकाश आंबवायचा. मी दिवसातून दोनदा नमुने आणायचो. आम्लता, साखर, तापमान, गंधकाचं प्रमाण. ब्यूरेट तेच, जे जिवाजी विद्यापीठात हाताळलं होतं. फक्त इथे उत्तर चुकलं की गुण जात नसत, अख्खी टाकी जात असे. आमचे मुख्य केमिस्ट सांगायचे, आकडा लिहिण्याआधी वास घे. सुरुवातीला मला नुसता आंबूस वास यायचा. तिसऱ्या हंगामात एकदा टाकीचं झाकण उघडलं आणि हिरव्या सफरचंदाचा, नंतर ओल्या पावाचा असा दोन पायऱ्यांनी वास आला. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आला का? मग आता पगार पुरणार नाही तुला." खरंच, त्यानंतर कुठल्याही स्वयंपाकघरात शिरलो की आमटी लागली आहे की लागायची आहे ते मला आधी कळतं. बायको याला गुण मानत नाही.

पण कारखान्यातली माझी आवडती जागा प्रयोगशाळा नव्हती, तळघर होतं. फसफसती वाईन दोनदा आंबते. दुसऱ्यांदा बाटलीतच. तयार वाईनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. आत तयार होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब गाडीच्या टायरपेक्षा दुपटीतिपटीने जास्त होतो. म्हणून ती काच जाड, बूड आत वळलेलं आणि बुचावर तारेची जाळी. महिनोन्‌महिने त्या बाटल्या अंधारात आडव्या पडून असतात. मग प्रश्न येतो यीस्टच्या गाळाचा. तो बाहेर काढायचा, पण बुडबुडे जाऊ द्यायचे नाहीत.

यासाठी लाकडी फळ्यांच्या घोड्या असतात, उलट्या 'व्ही' सारख्या, त्यांना तिरकी भोकं. बाटल्या मान खाली करून त्यात खोचायच्या. प्रत्येक बाटलीच्या बुडाला पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलेली. रोज प्रत्येक बाटली हलकासा झटका देऊन थोडीशी फिरवायची आणि किंचित जास्त उभी करायची. रेघ पाहिली की कळतं, कोणती फिरवली आणि कोणती राहिली. असं काही आठवडे. गाळ हळूहळू मानेत उतरतो. मग मान गोठवायची, झाकण काढायचं, दाबाने बर्फाची गोळी गाळासकट उडून जाते. वर थोडी वाईन भरायची, बूच, जाळी, लेबल.

हे फिरवण्याचं काम गावातल्या बायका करायच्या. त्यांच्यातल्या एक मावशी सगळ्यात जुन्या. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बाटल्या फिरवायच्या आणि तोंडाने आपल्या सुनेच्या तक्रारी चालू. झटका सगळ्या बाटल्यांना सारखा. फ्रान्सहून आलेल्या एका पाहुण्याने त्यांचे हात बराच वेळ पाहिले आणि दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? मावशी म्हणाल्या, "जातं फिरवलं की येतंय." दुभाष्याला जातं समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागली.

मी सुट्टीत घरी यायचो तेव्हा यातलं काही सांगता यायचं नाही. आई विचारायची, "जेवायला काय मिळतं?" बाबा विचारायचे, "पीएफ कापतात ना?" फळप्रक्रियेच्या पुढे प्रकरण जात नव्हतं. लष्करातल्या एका लग्नात कोणीतरी मोठ्याने विचारलं, "मनुक्यांचा धंदा कसा काय?" आणि बाबांनी माझ्याआधी उत्तर दिलं, "चांगला आहे."

१९९८ च्या फेब्रुवारीत आई-बाबा अष्टविनायकाला निघाले. त्यातले ओझर आणि लेण्याद्री नारायणगावच्या अगदी जवळ, तेव्हा मुक्काम माझ्याकडे ठरला. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी आई विश्रांती घेत होती. बाबा सकाळी उठून, कोट घालून तयार. म्हणाले, "तुझं ऑफिस पाहू या."

तळघरात त्यांना थंडी वाजली. घोड्यांच्या रांगांसमोर ते बराच वेळ उभे राहिले, हात मागे बांधून, मोतीमहालात फायलींच्या कपाटापुढे उभे राहत तसे. मावशींनी काम दाखवलं. बाबांनी विचारलं, "रोज एवढीशीच फिरवायची?" "एवढीशीच." "आणि किती दिवस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे फाईल याहून सावकाश फिरते, पण गाळ निघत नाही." मावशींनी त्यांना एक बाटली फिरवू दिली. त्यांनी जपून फिरवली, रेघ बरोबर आली की नाही ते वाकून पाहिलं.

वर पॅकिंगमध्ये निर्यातीच्या पेट्या भरत होत्या. बाबांनी एक बाटली उचलून चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल वाचलं. "ओमर खय्याम? म्हणजे माधव ज्युलियनांचा उमर खय्याम?" पॅकिंगमधली पोरं माझ्याकडे बघायला लागली. माधव ज्युलियनांनी फारसीतून खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, 'द्राक्षकन्या' नावाचं त्यांचं पुस्तक आहे, हे बाबांनी त्या पोरांना उभ्या उभ्या सांगितलं. घरी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मग आमच्या मुख्य केमिस्टच्या केबिनमध्ये बसून त्यांनी ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्यापर्यंत गाडी नेली. मधुघट रिकामे झाल्याची त्यांची कविता तुमच्या आजी-आजोबांना पाठ असेल. केमिस्ट सांगलीकडचे, त्यांनाही ती येत होती. दोघांनी मिळून ती म्हटली, आणि मी दारात चहाचा ट्रे धरून उभा.

त्या दिवशी त्यांना चाखायला दिली. त्यांनी पेला हातात घेतला, मी शिकवलं तसा तिरपा करून वास घेतला आणि परत ठेवला. म्हणाले, "पाव."

"काय?"

"ओल्या पावाचा वास येतो आहे."

मला तो यायला तीन हंगाम लागले होते.

थाटीपुरला परतल्यावर माझ्या नोकरीचं नाव बदललं. "मुलगा ओमर खय्यामच्या कंपनीत आहे," असं ते सांगायला लागले. शेजारच्या तिवारी-शर्मांना ते कळेना. दोन-तीन जणांनी आईला विचारलं, "भाभीजी, बेटा दुबई में है क्या?" आईने हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. दुबई तिला वाईनपेक्षा बरी वाटली असावी.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने वाईनसाठी स्वतंत्र धोरण आणलं. वायनऱ्यांना उत्पादन शुल्कात मोठी सवलत, परवाने सोपे. बाबांनी बातमी कापून पाठवली, लाल पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारून. धोरणाचं नाव होतं 'द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण'. समासात त्यांनी लिहिलं होतं: मी १९९४ पासून हेच म्हणत होतो.

त्या धोरणानंतर नाशिकचं चित्र झपाट्याने बदललं. सुला तिथे आधीच सुरू झाली होती, तिच्यामागून पुष्कळ आल्या. त्यांना माणसं हवी होती. टाकी सांभाळणारी, वासावरून बिघाड ओळखणारी, बाटली फिरवता येणारी माणसं. ती तेव्हा तयार कुठे मिळणार? नारायणगावातली काही मंडळी तिकडे गेली. मलाही विचारणा झाली होती. पण २००४ मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी थाटीपुरला परतलो. इथे एका डेअरीच्या प्रयोगशाळेत लागलो, अजून तिथेच आहे. आता नोकरी मोकळेपणाने सांगता येते म्हणून आई खूश. दूधही नासतंच, आणि तेही आधी वासावरून कळतं.

पुढचं सगळं मी लांबून पाहिलं. कंपनीचं नाव इंडाज व्हिंटनर्स झालं, ती वेगाने वाढली, परदेशात पोचली, ऑस्ट्रेलियात वायनऱ्या घेतल्या. हे सगळं कर्जावर. आणि २००८ मध्ये जगभर मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. मोठी हॉटेलं ओस पडली. देशातली वाईन खपायची ती मुख्यतः तिथेच. मागणी आटली, कर्ज उरलं. काही वर्षांत प्रकरण न्यायालयात जाऊन कंपनी अवसायनात निघाली. एवढं वर्तमानपत्रात आलं. आपल्या मराठी माणसाने पाया घातलेल्या या उद्योगाची कथा इतक्या लहान बातमीत संपावी, याचं मला अजून वाईट वाटतं. शिक्षणक्रमात, उद्योगांच्या पुस्तकांत आपण यशस्वी माणसांची चरित्रं घालतो. ज्याने पहिल्यांदा माळावर शार्दोने लावून दाखवली आणि पुढे ज्याचं गणित फसलं, त्याच्याबद्दलही दोन पानं असायला हरकत नाही. नाशिकची आजची वाईन त्या दोन पानांशिवाय समजत नाही.

ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. उजवा हात चालत नव्हता, बोलणं तुटक. 'अवसायक' शब्द ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं. असे शब्द त्यांच्या जन्माचे ओळखीचे. हळूहळू, एकेक शब्द जोडत त्यांनी समजावलं: यंत्रं विकतात. जमीन विकतात. नाव विकतात. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "त्या बाई?"

मावशींचं काय झालं, असं त्यांना विचारायचं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवस फोन करून शोधलं. त्या गावातच होत्या, गुडघ्यांनी काम सुटलेलं, पण सून नाशिकला एका वायनरीत लागली होती. तीच सून, जिच्या तक्रारी मी दहा वर्षं ऐकल्या. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला गेलो आणि परतताना मुद्दाम नाशिकमार्गे मनमाड गाठायचं ठरवलं. महामार्ग आता नारायणगावच्या बाहेरून जातो. आम्ही मात्र जुन्या रस्त्याने गावातून गेलो. चहा घेतला, मुलीने "एक चहा देऊन द्या" म्हटलं आणि तिथला पोरगा हसला. ओझरला दर्शन घेतलं. उसाच्या आणि टोमॅटोच्या मध्ये अजून द्राक्षाचे मांडव होते. तुम्ही कधी गेलात तर शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर एका दिवसात होतात. दुर्बीण पाहायची असेल तर आधी चौकशी करून जा, आणि होळी-पाडव्याचा सुमार साधलात तर राहुट्याही दिसतील.

नाशिकला मावशींच्या सुनेने वायनरीचं तळघर दाखवलं. आता ती तिथे बायकांच्या तुकडीवर मुकादम आहे. मोठ्या कामाला यंत्रं आली आहेत, पिंजऱ्यात शेकडो बाटल्या एकदम फिरतात. पण एका कोपऱ्यात लाकडी घोड्याही ठेवल्या होत्या, थोड्या बाटल्यांसाठी आणि पाहुण्यांना दाखवायला. एक नवी मुलगी त्या फिरवत होती. सून तिला म्हणाली, "सगळ्यांना झटका सारखा. जातं फिरवल्यासारखा." मुलीने विचारलं, "जातं म्हणजे?"

मी वाकून बाटल्यांची बुडं पाहिली. प्रत्येकीवर पांढरी रेघ होती, आणि एक सोडली तर सगळ्या एका दिशेला होत्या. ती एक मी फिरवली.